मंगेशचा उजवा हात

वाद्य दुरुस्तीला आलं की मी गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि त्यातलं निम्मं सोडून देते. माणसं मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, पण वाद्याच्या बाबतीत त्यांना लाज फार. "काही केलं नाही काकू, आपोआप फुटली," असं सांगून एक गृहस्थ गिटार ठेवून गेले. तिच्या पोटात मला लाटण्याची मूठ सापडली. मी ती पुसली, कागदात गुंडाळली आणि गिटारीबरोबर परत दिली. त्यांनीही मुकाट्याने घेतली. दुसरे एक भजनी मंडळाचे बुवा. पेटीचा पंचम लागत नाही, मंडळाला कुणाची तरी नजर लागली आहे, असं त्यांचं ठाम मत. पेटी उघडली तर आत उंदरीण बाळंत झालेली. बुवांनी आधी हात जोडले, गणपतीचं वाहन म्हणून, आणि मग बाकावर चढले.

असल्या कामात माझी छत्तीस वर्षं गेली. चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका चाळीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. आधी अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे पेट्या आणि बेंजो दुरुस्त करायचे. त्यांच्यानंतर मी बसायला लागले. सुरुवातीला दारात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मिस्त्री कुठे गेलेत?" मीच मिस्त्री, हे सांगून सांगून मी कंटाळले. मग सांगायला लागले, "जेवायला गेलेत, ठेवून जा." संध्याकाळी माणूस परत यायचा, पेटीवर बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "वा! हात चांगला आहे हो त्यांचा." मी म्हणायची, "सांगते त्यांना."

आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी अर्धाच दिवस गाळा उघडते. बसल्या बसल्या जुनी गिऱ्हाइकं आठवतात. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून, आणि त्याच्या बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या म्हणूनही.

मंगेश तांडेल पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काळ्या टी-शर्टवर एक कवटी होती, कवटीच्या डोळ्यातून साप बाहेर येत होता, आणि हातात सुक्या जवळ्याची पिशवी होती. जवळा त्याच्या आईने माझ्यासाठी दिलेला. त्याची आई सुमनबाई लालबागच्या बाजारात मासळी विकते. माझं मासळीचं दुकान म्हणजे तीच.

"आये बोलली, तुम्ही बेंजो करता. गिटार करता का?"

"करते. काय झालंय?"

"काय नाय. जरा बघा."

'जरा बघा' म्हणजे बरंच काही झालेलं असतं. मी गिटार दिव्याखाली धरली. विद्युत गिटार, साधी, फार महागाची नाही. गिटारीच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. डाव्या हाताची बोटं तार त्यांच्यावर दाबतात. वर्ष-दोन वर्षं रोज वाजवलं की त्या पट्ट्यांवर तारांच्या खाचा पडतात, जुन्या चपलेत अंगठ्याचा खळगा पडतो तशा. या गिटारीच्या फ्रेट अगदी कोऱ्या होत्या. पण उजवा हात जिथे चालतो तिथला रंग साफ उडून लाकूड उघडं पडलं होतं. आणि ब्रिज, म्हणजे गिटारीच्या पोटावरची ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, घामाने गंजून लालभडक.

"किती वर्षं वाजवतोयस?"

"चार."

"रोज?"

"रोज. ड्युटीवरून आलो की दोन-तीन तास."

"मग डावा हात काय घरी ठेवून वाजवतोस?"

तो इतका मोठ्याने हसला की पलीकडच्या इस्त्रीवाल्याने डोकं बाहेर काढलं. मग म्हणाला, "काकू, मी बेंजोवाला आहे ना मूळचा."

बेंजो पार्टी आमच्याकडे कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने नखी धरून तारा छेडायच्या. बटण हलकं असतं, जोर लावला की अडकतं. म्हणून बेंजोवाल्याचा डावा हात मांजरासारखा चालतो. सगळी मेहनत उजव्याची. मंगेशच्या वडिलांची कोळीवाड्यात पार्टी होती. हळदी, साखरपुडे, मिरवणुका. मंगेश आठव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून वाजवायचा. वडील गेले, पार्टी काकाकडे गेली आणि मंगेश कॉलेजात कुणाच्या तरी मोबाईलवर हेवी मेटल ऐकून त्या नादाला लागला.

हेवी मेटल म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मोहित्यांचा नातू ते लावायचा तेव्हा मला वाटायचं, मिक्सरमध्ये चमचा गेला.

"वाजव बघू," मी म्हटलं. गाळ्यात अँप्लिफायर होता, पण मी तो लावू दिला नाही. नुसत्या तारांवर वाजवलं की माणसाचं खरं काय ते कळतं. मोठ्या आवाजात सगळं झाकून जातं.

मंगेश स्टुलावर बसला. त्याने उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवली आणि वाजवायला सुरुवात केली. या संगीतात असं तार दाबून वाजवतात, हे मला नंतर कळलं. तार 'टण्ण' करत नाही, 'डुग्ग' करते आणि मरते. बहुतेक पोरं हात वर-खाली वर-खाली करतात, त्यात श्रम कमी. मंगेश फक्त वरून खाली मारत होता. प्रत्येक वेळी वरून खाली. कांदा बारीक चिरणाऱ्या बाईचा हात बघा, वेग तोच आणि तुकडेही तेवढेच सारखे. मला त्याहून नवल वाटलं ते मधल्या जागांचं. दोन ठोक्यांच्या मध्ये तार पूर्ण गप्प व्हायची. कुठे गुणगुण नाही, कुठे शेपूट नाही.

"हे दाबायला कुणी शिकवलं?"

"बाबांनी. लालबागच्या गल्लीत भिंती जवळ जवळ असतात ना काकू. आवाज आपटून परत येतो, मग पुढचा सूर त्यात बुडतो. बाबा बोलायचे, मारला की लगेच हात ठेव, गल्लीला बोलू देऊ नको."

मी अप्पांच्या हाताखाली शेकडो बेंजो उघडले होते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्याचा ब्रिज बदलला. त्याचा डावा हात इतका हलका, की तारा मानेच्या अगदी जवळ, पत्र्याच्या जाडीवर आणून ठेवता आल्या. दुसऱ्या कुणाच्या हातात ती गिटार खडखडली असती. वर सगळ्यात जाड मिळतात त्या तारा चढवल्या. नखी तो स्वतः कापायचा, मासळीच्या निळ्या क्रेटच्या तुटक्या प्लास्टिकमधून. विकतची नखी त्याच्या हातात आठवड्यात झिजायची.

त्याच्या बँडचं नाव 'राखरांगोळी'. पोस्टर गाळ्याच्या दाराला लावलं तर पहिल्या दिवशी तीन बायका विचारून गेल्या, दिवाळीत संस्कारभारतीची रांगोळी काढून देता का. बँडमध्ये मुख्य गिटार वाजवणारा केदार, राहणार दादर, केस कमरेपर्यंत, वागायला सज्जन. ड्रमवर गिरगावचा नोएल. आणि एक गायक, ज्याला मी ओरडणारा म्हणते आणि तो ते कौतुक समजतो. मंगेश हा दुसरा गिटारवाला. पहिला गिटारवाला सूर काढतो, बोटं मानेवर सरसर पळवतो, लोक त्याचे व्हिडिओ काढतात. दुसरा मागे उभा राहून 'डुग्ग डुग्ग' करतो. गाण्याला उभं राहायला जमीन त्याने द्यायची. जमिनीचा व्हिडिओ कोण काढणार?

मंगेश दिवसा लोअर परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट मेकॅनिक होता. तिथून जवळच एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला. "काकू, यायचंच," म्हणून चौघंही बोलवायला आले. संध्याकाळी सहाचा खेळ होता. मी कॉटनची साडी नेसून आणि दोन्ही कानांत कापूस घालून गेले. दारावरच्या पोराने माझ्या मनगटावर शिक्का मारताना विचारलं, "आजी, तुमचं कुणी हरवलंय का?"

आता माझी पहिली चूक. गिटारीचा पट्टा तिच्या अंगावरच्या एका बटणाला अडकवतात. ते बटण स्क्रूने बसवलेलं असतं. मंगेशचा स्क्रू ढिला झाला होता. त्याला सोपा उपाय असतो. भोकात काडेपेटीची काडी फेविकॉल लावून ठोकायची, वर स्क्रू पिळायचा. आदल्या दिवशी मी काडी ठोकली आणि तेवढ्यात घरून फोन आला, म्हणून फेविकॉल राहून गेला. राहून गेला हे मला तिथे, कापसाच्या आत, तिसऱ्या गाण्याला आठवलं.

दुसऱ्या गाण्यात केदारची तार तुटली होती. तो वळला, मागची दुसरी गिटार घेतली, पट्टा घातला, पुन्हा पुढे आला. सहज अर्धा मिनिट गेलं असेल. समोरची दोनशे पोरं तशीच उड्या मारत होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या गाण्यात मंगेशचं बटण निघालं. गिटार घसरली, त्याने ती गुडघ्यावर झेलली. चार-पाच ठोके गेले असतील फार तर. पण जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं सगळ्या शेडला झालं. नोएलचा हात वर तसाच राहिला. ओरडणारा ओरडायचा थांबून मागे वळला. पुढच्या रांगेतली डोलणारी डोकी जागच्या जागी थांबली, आणि केदारची बोटं एवढी पळत असूनही ती कुठे पळताहेत ते कळेना. मंगेशने इकडेतिकडे पाहिलं, ड्रमच्या फळीच्या कडेवर टेकला, गिटार बेंजोसारखी मांडीवर आडवी घेतली आणि हात चालू केला. गाणं पुन्हा उभं राहिलं. पोरं आधीपेक्षा जोरात नाचायला लागली. का नाचताहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. "मंगेश, बटण माझ्यामुळे निघालं. फेविकॉल राहिला रे."

"सोडा हो काकू. बसून वाजवायला बरं वाटलं."

समोर केदारबरोबर सेल्फी काढायला रांग लागली होती. मंगेश वायरी गुंडाळत होता. एका मुलीने त्याला विचारलं, "दादा, तुम्ही साउंडवाले ना? टॉयलेट कुठेय?" त्याने तिला डावीकडून दुसरा दरवाजा सांगितला आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागला.

दोन-अडीच महिन्यांनी केदार एकटाच गाळ्यात आला. हातात त्याची लाडकी गिटार. बराच वेळ भिंतीवरच्या पेट्या बघत बसला.

"काकू, आमचा अल्बम होतोय. अंधेरीला स्टुडिओ आहे, तिथले सर फार मोठे आहेत. ते म्हणाले, दोन्ही गिटार एकानेच वाजवल्या तर सफाई येते. आणि मंग्याची ड्युटी, त्याला सुट्टी मिळत नाही..."

"मंगेशला सांगितलंस?"

"सांगणारच आहे. आधी मला जमतंय का ते बघतो. तर ही गिटार त्याच्यासारखी लावून द्याल का? सेम टू सेम."

माझ्या धंद्याचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाने वाद्य दिलं की ते आपल्याला येतं तेवढं उत्तम करून द्यायचं, कोण, कशाला, ते विचारायचं नाही. अप्पांनी एकाच घरातल्या दोन भावांना, कोर्टात भांडण चालू असताना, एकाच वडिलांची पेटी दोनदा दुरुस्त करून दिली होती. म्हणून मी हो म्हटलं. नियम चांगला आहे, पण त्या दिवशी तो मला खडा असलेल्या भातासारखा लागला.

मी तारा बदलल्या. त्याच जाडीच्या. ब्रिज खाली घेतला, पत्र्याची जाडी ठेवली. काम अर्ध्यावर आलं आणि दारात मंगेश. ड्युटी लवकर सुटली म्हणून सहज चहाला आलेला.

मी काय करावं? हात पुसायचा टॉवेल होता, तो झटकन गिटारीवर टाकला. ही माझी दुसरी चूक. या वयात, माझ्याच गाळ्यात, बशी फोडलेल्या पोरीसारखी मी उभी राहिले.

मंगेश स्टुलावर बसला. चहा घेतला. टेबलावर तारांचं रिकामं पाकीट पडलं होतं, ते उचलून त्याने वाचलं.

"या तारा माझ्याशिवाय कोण लावतं काकू?"

"आहे एक गिऱ्हाईक."

त्याने टॉवेलकडे पाहिलं. टॉवेलखालून पट्ट्याचं टोक बाहेर आलं होतं, त्यावर लाल ज्वाळा. असा पट्टा मुंबईत एकाच माणसाकडे होता आणि तो दादरला राहायचा. मंगेशने चहाचा कप अर्धा भरलेला ठेवला. "येतो," म्हणाला. आवाजही चढवला नाही.

मग तो आलाच नाही. केदारनेच त्याला फोन करून सगळं सांगितलं म्हणे, आणि मंगेश फक्त "ठीक आहे" म्हणाला. माझा निकाल मात्र लालबागच्या बाजारात लागला. मी सुमनबाईपुढे उभी राहिले. पाटीत पापलेटं चमकत होती.

"दोन पापलेटं दे गं."

"पापलेट संपलं."

"अगं, हे काय समोर?"

"ते गेलेलं आहे. बोंबील न्या."

बोंबील दिले, तेही साफ न करता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती कोयता खाली ठेवून बोलली, "बाय, माझ्या पोराचा हात तुम्ही त्या दादरवाल्याला दिलात. तुम्हाला मी पापलेट कशी देऊ?"

शेजारच्या दोन कोळणी आपापल्या गिऱ्हाइकांना विसरून ऐकत होत्या. मी बोंबलांची पिशवी घट्ट धरून परत फिरले. घरी येऊन बोंबील साफ करताना मला तिचं म्हणणं पटत गेलं, आणि एका बाबतीत पटेनाही. हात काही मी दिला नव्हता. तो देता येत असता तर एव्हाना केदार खूश असता.

तो खूश नव्हता. पंधरा दिवसांनी आला तो मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून.

"काकू, काहीतरी राहिलंय गिटारीत. दुसऱ्या मिनिटाला हात दगड होतो. आणि जमलं तरी तो आवाज नाही येत. सर म्हणतात, कॉम्प्युटरवर सरळ करू. केलं. मग अजूनच वाईट वाटतं."

मी गिटार तपासली. सगळं जिथल्या तिथे.

"गिटारीत काही राहिलेलं नाही केदार. तू कधी मंगेशला बेंजो वाजवताना पाहिलंयस?"

"बेंजो? मंग्या बेंजो वाजवतो?"

इतकी वर्षं एका बँडमध्ये! त्या पोराला शेजारच्या माणसाचा उजवा हात कुठून आला ते ठाऊक नव्हतं.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. त्या दिवशी कोळीवाड्यात दुपारी मिरवणूक निघते, सोन्याचा कागद लावलेला नारळ पालखीतून समुद्राकडे नेतात. मंगेश त्या दिवशी काकाच्या पार्टीत वडिलांचा बेंजो वाजवतो. मी केदारला घेऊन गेले. त्याच्यासाठी गेले म्हणणं खोटं होईल. मलाही जायचं होतंच, एकटीने धीर होत नव्हता.

गल्ली इतकी अरुंद की टेम्पोचे आरसे मिटून घ्यावे लागले होते. मंगेश टेम्पोच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता. मांडीवर बेंजो, अंगात टी-शर्टऐवजी पांढरा सदरा, डोक्यावर लाल कोळी टोपी. खाली बायका हिरव्या साड्यांत नाचत होत्या, सुमनबाई सगळ्यांत पुढे. मंगेशचा हात चालू होता. वरून खाली, वरून खाली, मारला की कड टेकवून बंद. केदार मोबाईलमध्ये वेळ बघत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. मधेच मंगेशने डाव्या हाताने सरबताचा ग्लास घेतला, प्यायला, परत दिला. तोवर उजवा हात एकाच सुरावर ठेका धरून होता. केदारने नकळत स्वतःचं बँडेज चाचपलं.

मग मिरवणूक गल्लीतून बाहेर पडली आणि समोर समुद्र आला. तिथे मंगेशने तळहात उचलला. इतका वेळ कापून कापून येणारा आवाज एकदम मोकळा झाला, तारा लांबवर वाजत राहिल्या. पुढच्या बायकांनीही हात वर केले.

केदारने माझा दंड धरला. "काकू! आमच्या गाण्यात धृपद येतं ना, तिथे तो हेच करतो! मला वाटायचं, थकला म्हणून ढिला सोडतो. मी त्याला दोनदा बोललोय त्यावरून."

नारळ समुद्रात गेला, बेंजो थांबला. केदार टेम्पोपाशी गेला. त्याचे लांब केस बघून दोन पोरं फोटो काढायला आली, त्यांना त्याने बाजूला केलं.

"मंग्या, माझ्याच्याने होत नाही रे."

"काय होत नाही?"

"तुझं."

मंगेश बेंजोच्या तारा पुसत होता. "मग?"

"मग तूच ये. सरांना मी सांगितलंय. ते नाही म्हणाले तर स्टुडिओ बदलू."

मंगेशने बराच वेळ तारा पुसल्या. त्या एव्हाना स्वच्छ झाल्या होत्या. "रविवारी जमेल," तो शेवटी म्हणाला. "आणि मी बसून वाजवणार. स्टूल पाहिजे."

"स्टूल देतो ना. सोफा देतो."

"सोफ्यावर हात आपटतो. स्टूल."

मग तो माझ्याकडे वळला.

"काकू, काम केलंत त्याचं काही नाही. तुमचा धंदा आहे. पण टॉवेल का टाकलात?"

"लाज वाटली रे."

"कसली? मला सांगायची?"

"हो."

त्याने थोडा विचार केला. "मला वाटलं, तुम्हालाही वाटतं की फरक नाय पडत. मी असलो काय, केदार असला काय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं. "अरे गाढवा," मी म्हटलं, "फरक पडत नाही असं वाटलं असतं, तर लपवलं कशाला असतं?"

हे त्याला पटलं असावं, कारण तो हसला. पलीकडून सुमनबाई कपाळावरचा घाम पुसत आली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे तिने आळीपाळीने पाहिलं आणि मला म्हणाली, "शुक्रवारी या. पापलेट येणार आहे."

रविवारी अंधेरीला मीही गेले, हत्यारांची पेटी घेऊन. या वेळी फेविकॉल दोनदा तपासला. सर काचेपलीकडे बसले होते, मोठे हेडफोन लावून. मंगेश स्टुलावर बसला, निळी नखी काढली आणि पहिलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलं. सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा पाहिल्या. सगळे ठोके एका मापाचे, मधल्या जागा सपाट. त्यांनी मान वर केली. "हे कुणी कापून चिकटवलंय का?"

"नाही सर," केदार म्हणाला, "हे तसंच येतं."

सरांनी पुन्हा वाजवायला सांगितलं, खात्री करून घ्यायला. मंगेशने पुन्हा वाजवलं. त्यानंतर सरांनी चहा मागवला आणि पहिला कप स्वतः नेऊन मंगेशच्या हातात दिला.

अल्बम आला. मेटलवाल्यांची एक वेबसाइट आहे म्हणे, तिच्यावर कुणीतरी भरभरून लिहिलं. केदारने मला गाळ्यात वाचून दाखवलं. बँडचा ठोका किती घट्ट आहे, मधल्या जागा किती स्वच्छ आहेत, दोन परिच्छेद नुसतं तेच, आणि हे सगळं श्रेय ड्रमवाल्या नोएलला. नोएलने लाजून त्या दिवशी मंगेशला गिरगावात नेऊन मटण खायला घातलं. केदार चिडला, सुधारणा पाठवतो म्हणाला. मंगेशने अडवलं. "राहू दे रे. बरोबर बसलं म्हणून तर कळलं नाय कुणाला."

माझ्या धंद्यातही असंच असतं. सांधा दिसला नाही तरच काम चांगलं. मी छत्तीस वर्षं हे सगळ्यांना सांगत आले, पण मंगेशच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी चष्मा लावला, मोबाईल घेतला आणि त्या लेखाखाली लिहायला बसले. आयुष्यात पहिल्यांदाच असं कुठे लिहीत होते. पाऊण तास लागला. लिहिलं, "ड्रम छानच आहेत. पण आपण ज्याचं कौतुक केलंत तो मंगेश तांडेल यांचा उजवा हात आहे. तिसरं गाणं पुन्हा ऐका. ड्रम थांबतात तिथे काय चालू राहतं ते ऐका. मग धृपद आलं की तो तळहात उचलतो, ते ऐका."

आठवडाभर काही नाही. मग एका सकाळी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की त्याने ते गाणं चार वेळा ऐकलं, चूक झाली, आणि असा उजवा हात आपण इथे ऐकलेला नाही. लेखही त्याने बदलला होता. मंगेशचं नाव आता वरच, मथळ्याच्या खाली होतं.

थोड्या वेळाने मंगेश ड्युटीला जाताना डोकावला. मी मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले. "बरं आहे," एवढंच म्हणाला, मोबाईल खिशात घातला आणि निघून गेला. माझा मोबाईल.

दुपारी सुट्टीत धावत येऊन परत करून गेला, सॉरी सॉरी म्हणत. तोवर त्याने ते किती वेळा वाचलं असेल, मी विचारलं नाही. सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी मात्र संपली होती.